कोपऱ्यातला श्रोता

श्रावण लागला की दत्तारामबुवांचा संदेश येतो. बुवा लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. त्यामुळे त्यांच्या वाक्यांमागे त्यांचे नालासोपाऱ्यातल्या तुळिंजचे सारे घर ऐकू येते. कुकरची शिट्टी, खालच्या भाजीवाल्याचा पुकारा आणि वनितावहिनींचे ‘आधी जेवून घ्या, मग बोला’. यंदाचा संदेश असा होता : “बाई, रविवारपासून तालीम. दुपारी तीनला. पद कुठवर आलं? का अजून मात्राच मोजताय?”

पद कुठवरही आलेले नाही. कागद समोर आहे. खिडकीबाहेर वसईतल्या सांडोरच्या बाजूला जी थोडी वाडी उरली आहे, तिच्यातली केळीची पाने वाऱ्याने उभी चिरली जात आहेत. मी एक ओळ लिहिते, खोडते, खुर्चीवरून उठते, पाणी पिते, पुन्हा बसते. साठी ओलांडलेल्या बाईला परीक्षेतल्या मुलीसारखी ही चुळबुळ शोभत नाही, हे मला कळते. पण तीन वर्षांपूर्वीचा तो श्रावण-भाद्रपद दर वर्षी याच सुमारास अंगात शिरतो आणि मला एका जागी बसू देत नाही.

एकतीस वर्षे मी महाविद्यालयात कविता शिकवली. दुसऱ्यांच्या कविता. ओळ वाचायची, थांबायचे, तिच्याविषयी बोलायचे, पुन्हा पुढची ओळ वाचायची. स्वतःची एकही ओळ मी कधी कोणाला दाखवली नाही, कारण दाखवण्याजोगी ओळ माझ्याजवळ नव्हती, आणि असती तरी दाखवण्याचा धीर नव्हता. निवृत्तीनंतरच्या वर्षी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी तिसऱ्या मजल्यावर पिशवी घेऊन उभी होते. लिफ्टच्या खोल अंधाऱ्या विहिरीतून दुरुस्तीच्या ठोक्यांबरोबर एक गाणे वर येत होते. गळा भरदार होता. मात्र तिसऱ्या ओळीत चाल दर वेळी लंगडत होती. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, “तिथे दोन मात्रा कमी पडताहेत.”

ठोके थांबले. खालून आवाज आला, “मग घाला ना बाई तुमी!”

मी घातल्या. खालच्या अंधारात त्यांनी ओळ गाऊन पाहिली, आणि मग खदखदून हसल्याचा आवाज आला. ते दत्तारामबुवा. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि सुट्टीच्या दिवशी जाखडी नृत्य मंडळाचे शाहीर. मूळचे संगमेश्वरकडचे, आता तुळिंजला वन-रूम-किचनमध्ये राहणारे. पायांत चाळ बांधून, ढोलकी-झांजेच्या तालावर गोल फेर धरणारी त्यांची बारा-पंधरा माणसे होती. कोणी बँकेत शिपाई, कोणी छापखान्यात, कोणी औषधांच्या गोदामात.

ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी इतकेच सांगते. रंगमंचावर दोन मंडळे असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एक शाहीर पद गातो, त्यात प्रश्न असतो. दुसरा त्याला गाऊन उत्तर देतो. चिमटे काढतो, टोपी उडवतो, कधी समोरच्याचीच ओळ उचलून तिचा अर्थ फिरवून दाखवतो. हे ऐकून मी पहिल्यांदा बुवांना घाबरत विचारले होते, “दुसऱ्याची ओळ उचललेली चालते?”

“चालते म्हणजे? उचलायचीच असते. पन रीत हाय. आधी त्याच्या गुरूला नमन करायचं. मग ओळ उचलायची. आणि एक उचललीस तर आपल्या चार घालायच्या. एकास चार.”

“आणि नाही घातल्या तर?”

“मग त्याला शाहीर नाय म्हनत. त्याला लाउडस्पीकर म्हनतात.”

त्या वर्षीच्या तालमी अजून अंगावर येतात. तुळिंजच्या त्या सोसायटीचे तळमजल्यावरचे कार्यालय, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेला कॅरमबोर्ड, घुंगरांच्या चाळांची गोणी. रविवारी दुपारी तीनला बाहेर बाजार तापलेला असे. ‘दस का पाव, दस का पाव’ असे कोणीतरी ध्वनिक्षेपकावर सतत ओरडत असे, आणि ढोलकीवाला नकळत त्याच लयीला लागून जाई. मग बुवा ओरडत, “अरे, आपल्याला गौर आनायची हाय, कांदे विकायचे नायत!” पंधरा जोडी पाय एकदम जमिनीवर पडले की खिडकीची तावदाने थरथरत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही मिटून बसे. वही मिटलेली असली तरी माझे शब्द त्या पायांखालून जात आहेत, हे मला कळत असे.

पद गौरीचे होते. गौर माहेरी येते, तर कोकणातल्या घराला कुलूप. शेजारीण सांगते, घरची माणसे मुंबईकडे गेली, चौथ्या मजल्यावर राहतात. मग गौर पत्ता विचारत विचारत निघते. चाल बुवांच्या गावातली जुनी होती, कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही. शब्द माझे. चौथे कडवे मला एका दुपारी कपडे वाळत घालताना सुचले आणि मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून तसेच लिहून काढले :

*चौथ्या मजल्याच्या दारापुढती हात घंटीवर पोचेना,*
*आतून पुसते कुणी, ‘कोण गं?’ — माझे नाव मला आठवेना.*

अशा पदांत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफायची पद्धत आहे. बुवांनी तीन रविवार माझ्याकडे ते नाव मागितले. मी तीन रविवार टाळले. “नाव नको, पद जाऊ दे,” असे मी म्हणाले. त्यावर चहाचे कप वाटणाऱ्या वनितावहिनी म्हणाल्या, “अगो बाय! आमच्या लग्नात मला उखाण्यात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी पन एवढी लाजले नव्हते!” सगळे हसले. मीही हसले. नाव मात्र घातले नाही. ते लाजणे होते, की चूक झाली तर ती माझी ठरू नये अशी सोय होती, याचा मी त्या वेळी विचार केला नाही.

श्रावणाच्या शेवटच्या रविवारी दुपारी सामना झाला. मी विंगेत, पडद्याच्या दोरीला धरून उभी होते. तिथून मला नाचणाऱ्यांच्या पाठी दिसत होत्या, बुवांच्या फेट्याचा मागचा शेमला दिसत होता, आणि त्यांच्यापलीकडे काळोख. चौथे कडवे आले तेव्हा काळोखात काहीतरी झाले, एवढेच मला जाणवले. टाळ्या नव्हत्या. नंतर पुष्कळ आल्या. पण त्या ओळीच्या क्षणी माणसांच्या चेहऱ्यांवर काय झाले, ते मी पाहू शकले नाही. एकतीस वर्षे मी मुलांच्या चेहऱ्यांवर दुसऱ्यांच्या ओळी उमटताना पाहिल्या होत्या. माझी ओळ पहिल्यांदा कोणापर्यंत पोचली, तेव्हा मी पाठीमागे उभी होते.

मंडळातल्या एका पोराने सामन्याचे चित्रण महाजालावर टाकले. पाहणारे बहुधा एकमेकांचे नातेवाईकच होते. आणि मग दोनच दिवसांनी बुवांचा आवाज फोनवर फुटून बाहेर आला : “बाई, आपलं पद गाजतंय! एका पोरग्यानं आपल्यावर रिअॅक्शन केलीन!”

रिअॅक्शन व्हिडिओ म्हणजे काय, ते मला माझ्या भाचीकडून समजून घ्यावे लागले. कोणीतरी केलेले गाणे, नाटुकले, भाषण, काहीही लावायचे. आपण ते पहिल्यांदाच पाहत आहोत अशा तयारीने कॅमेऱ्यासमोर बसायचे. पडद्याच्या एका कोपऱ्यात आपला चेहरा ठेवायचा, आणि ऐकता ऐकता हसायचे, थांबवायचे, बोलायचे. पाहणारे ते गाणे पाहत नाहीत, गाणे ऐकणाऱ्याला पाहतात. मला हे प्रथम अत्यंत पोरकट वाटले. एखाद्याला जेवताना पाहून आपले पोट कसे भरेल? पण त्या आठवड्यात मी घरातली कामे टाकून असे कितीतरी व्हिडिओ पाहिले. एक परदेशी गायिका आपली लावणी ऐकून खुर्चीतून अर्धवट उठते. दोन भाऊ पहिल्यांदा मिसळ खातात आणि एकमेकांकडे पाहून रडवेले होतात. पाहता पाहता मला कळू लागले, की हे का चालते. घराघरांत प्रत्येक जण आपापला फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेला आहे. त्याला चांगले काही सापडले, तर कोपराने ढोसायला शेजारी कोणी नाही. हा कोपऱ्यातला चेहरा त्या शेजाऱ्याची उणीव भरून काढतो.

आमच्या पदाचा कोपऱ्यातला चेहरा निखिल नावाच्या तिशीतल्या माणसाचा होता. तोही तुळिंजचाच, दिवसभर रक्ततपासणीच्या केंद्रात काम करणारा. अंगात लाल टी-शर्ट, मागे निळा दिवा. आरंभी तो मजेतच होता. “गाइज, आज एक ओल्ड फोक साँग बघू. लेट्स गो.” पहिल्या कडव्याला त्याने मान डोलावली. दुसऱ्याला थांबवून म्हणाला, “भाई, क्या लिखा है!” तिसऱ्याला अंगावर काटा आल्याचे सांगून दंड कॅमेऱ्यापुढे धरला. मग चौथे कडवे आले. त्याने गाणे थांबवले. तोंड उघडले. आणि काहीच बोलला नाही.

मी मोजले आहेत. अकरा सेकंद. त्याच्या डोळ्यांतले सगळे नाटक उतरून गेले. तो कॅमेऱ्याकडे नव्हे, त्याच्या बाजूला कुठेतरी, बहुधा त्याच्या घराच्या दाराकडे पाहत राहिला. मग त्याने गाणे मागे नेले आणि ते कडवे पुन्हा ऐकले.

जे मला विंगेतून दिसले नव्हते, ते हे होते. त्या आठवड्यात मी ते अकरा सेकंद किती वेळा पाहिले, हे सांगायची मला अजूनही लाज वाटते. भाजी चिरताना मध्येच हात धुऊन पाहिले. बँकेत टोकन घेऊन बसले असता आवाज बंद करून पाहिले. त्या चेहऱ्याला ठाऊक नव्हते की ओळ कोणाची आहे. म्हणून त्याची ती गप्प बसण्याची क्रिया निखळ होती. आणि पद संपल्यावर तो म्हणाला, ‘पारंपरिक आहे, कवी अज्ञात’, ते शब्द? खरे सांगायचे, तर मला गुदगुल्या झाल्या. माझे पद इतके जुने, इतके सर्वांचे वाटावे!

पण शिक्षिकेची सवय सुटत नाही. दुसऱ्या दिवशी मी मोजायला बसले. व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. त्यात आमचे पद पहिल्यापासून शेवटपर्यंत संपूर्ण वाजले होते, बारा मिनिटे. त्याने पाच वेळा थांबवले होते. त्याचे स्वतःचे बोलणे म्हणजे काही उद्गार आणि ‘सबस्क्राइब करा’. मंडळाचे मूळ चित्रण मूठभर लोकांनी पाहिले होते, आणि हे इतक्यांनी, की त्यावर जाहिराती लागत होत्या. एकास चार सोडाच, इथे चारास एकही नव्हता. आपल्या कायद्यात टीका आणि समीक्षा यांच्यासाठी सवलत आहे, असे मी वाचले. पण किती घेतले म्हणजे समीक्षा आणि किती घेतले म्हणजे उचलेगिरी, हे मोजायचा गज त्यात मला सापडला नाही. मग मनात आले, एकतीस वर्षे वर्गात ओळ वाचून, थांबून, बोलून मी तरी काय करत होते? फरक एवढाच, की कवीचे नाव मी आधी फळ्यावर लिहीत असे.

हे सगळे मी मनात घोळवत राहिले असते आणि काहीच केले नसते. पण गणपतीच्या आधीच्या रविवारी दुसरा सामना झाला. समोरचे तुरेवाले शाहीर हुशार होते. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला होता. नमन झाले, आणि त्यांनी बुवांकडे बोट करून गायला सुरुवात केली :

*जुन्या बाजारी गेले बुवा, पद आणले उचलून,*
*अज्ञाताचे लेकरू मिरवती आपले म्हणून.*

नाट्यगृह हसले. बुवांच्या गावची माणसे पुढच्या रांगांत होती. तीही हसली, आणि मग हसणे अर्ध्यावर थांबवून एकमेकांकडे पाहू लागली. आता उत्तर बुवांनी द्यायचे. ढोलकी घुमत राहिली. बुवा गाईनात. त्यांनी वळून विंगेकडे, माझ्याकडे पाहिले. त्यांना फक्त एक होकार हवा होता. माझे नाव त्यांनी तिथल्या तिथे चालीत बसवले असते आणि समोरच्याचे तोंड बंद झाले असते.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिले. ते उत्तर फसले. परतताना रिक्षात बुवा, वनितावहिनी आणि मी तिघे होतो. मग बुवा बाहेर बघत म्हणाले, “गळा नाय म्हनाले असते तर चाललं असतं बाई. चोर म्हनाले. गावातल्या लोकांच्या देखत.”

वहिनींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हाताचे वजन मला सोसवेना.

दोन दिवसांत सगळे गावी गेले. गणपतीत तुळिंज असे होते, की इमारतींच्या इमारती श्वास रोखून बसल्यासारख्या वाटतात. एरवी ज्या गल्लीतून वाट काढावी लागते, तिथे कुत्री आडवी झोपलेली असतात. बुवा निघताना म्हणाले होते, “येईपर्यंत बघा काय ते.” मी वसईत माझ्या घरी बसले होते, आणि मला काहीतरी करणे भाग होते. सामन्यात मला होकाराची मान डोलावता आली नव्हती, तर निदान जिथे कोणी पाहत नाही तिथे मी हात हलवावा, असे मला वाटले. त्या संकेतस्थळावर स्वामित्वहक्काच्या तक्रारीचा अर्ज असतो. तो मी एका सकाळी, अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, भरायला घेतला. कोणते काम तुमचे आहे? पदाचे शब्द. चाल माझी नाही, असे मी प्रामाणिकपणे लिहिले. किती भाग वापरला? संपूर्ण. शेवटी एक रकाना होता, तुमचे पूर्ण नाव. तिथे कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. मी लिहिले.

तीन दिवसांनी, गौरीच्या जेवणाच्या दिवशी, मी तो व्हिडिओ उघडला. अकरा सेकंद पाहण्यासाठीच उघडला होता, हे मी लपवत नाही. आपण तक्रार केली म्हणजे तो नाहीसा होणार, हे मला बुद्धीने ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. पडदा राखाडी झाला होता. त्यावर एकच वाक्य होते. अमुक यांच्या स्वामित्वहक्काच्या दाव्यामुळे हा व्हिडिओ उपलब्ध नाही. आणि ‘अमुक’च्या जागी मी होते. मधल्या नावासकट, आडनावासकट, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय. माझे नाव चारचौघांत पहिल्यांदा छापून आले, ते माझे पद जिथे होते त्या जागेवर, त्याच्याऐवजी.

घरात थांबवेना. मी नालासोपाऱ्याहून बस धरून कळंबला गेले. दुपारची वेळ, समुद्र गढूळ, सुट्टीच्या बंगल्यांची दारे बंद. वाळूतून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, आणि पुन्हा गेले. दर थोड्या वेळाने फोन काढून पाहत होते, जणू राखाडी रंग विरघळला असेल. व्हिडिओबरोबर त्याच्याखालची माणसेही गेली होती. कोणी लिहिले होते, आईला ऐकवलं, ती जेवायची थांबली. कोणी लिहिले होते, आमच्या घराला पण सात वर्षं कुलूप आहे. ती सगळी वाक्ये माझ्या एका रकान्याने पुसली होती. जाळे विणत बसलेल्या एका कोळणीने मला तिसऱ्यांदा समोरून जाताना हटकले, “बाय, कोनाची वाट बघतंस? पानी चढतंय, माघारी जा.”

मी फोन पिशवीत टाकला आणि माघारी वळले.

माणसे गावाहून परतली. पुढच्या रविवारी कार्यालयात सगळे जमले. बुवांनी तो राखाडी पडदा पाहिला होता. ते रागावले नव्हते. म्हणाले, “नाव आलं बाई तुमचं शेवटी. पन पदावर नाय आलं, कुलपावर आलं.”

आणि त्याच दुपारी निखिल आला. तक्रार आल्यावर त्याने मंडळाचा पत्ता शोधून काढला होता. चपला दाराबाहेर काढून तो आत डोकावला, तशी बुवा कमरेवर हात ठेवून गरजले, “या, या! कोपऱ्यातले बुवा आले!”

कॅमेऱ्यात दिसला त्यापेक्षा तो बुटका होता, आणि बोलताना खाली पाहत होता. “सॉरी म्हणायला आलोय,” तो म्हणाला. “पण मॅडम, सिरियसली, मला वाटलं ट्रॅडिशनलच आहे. आमचे आजोबा लांज्याचे. ते सांगायचे, शेवटी नाव नसेल तर पद जुनं समजायचं. मी एंडपर्यंत थांबलो होतो नावासाठी. नावच आलं नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वनितावहिनींनी तर पदराने तोंड झाकून घेतले, पण खांदे हलत होते.

“नाव नव्हतं ते आमचं चुकलं,” बुवा म्हणाले. “पन तू काय केलंस? आमचं अख्खं पद वाजवलंस, आणि आपलं काय घातलंस? ‘भाई क्या लिखा है’! ही काय चार ओळी झाल्या?”

“नाही झाल्या.”

“मग? आम्ही समोर उभं राहून एकमेकांच्या तोंडावर गातो. तू कोपऱ्यात बसून बोलून गेलास. तुला उलट उत्तर द्यायला आम्ही यायचं कुठं?”

“इथेच आलोय ना काका. द्या.”

बुवांना हे उत्तर आवडले. ते हसले, आणि मग सगळेच सैल झाले. निखिलने स्वतःच तोडगा सुचवला. मी तक्रार मागे घ्यायची. व्हिडिओ परत आला, की त्याने त्यातून जिथे जिथे पद नुसते वाजते आहे ते सगळे कापायचे. तो ज्या ओळींवर खरोखर बोलला आहे, तेवढ्याच ठेवायच्या. हवे तर थोडे नवे बोलायचे. आरंभीच कवीचे नाव, मंडळाचे नाव, आणि मूळ पदाकडे जाणारी वाट. “एकास चार नाही जमणार, पण एकास एक तरी करतो,” तो म्हणाला. यापेक्षा न्याय्य काही मला सुचले नसते. मी तिथेच बसून तक्रार मागे घेतल्याचे पत्र लिहिले. निखिलने त्यात माझे नाव वाचले आणि ते दोनदा उच्चारून पाहिले, बरोबर उच्चारता यावे म्हणून.

त्या वेळी मी त्याला सांगायला हवे होते. तो माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. चौथ्या कडव्यापाशी तुम्ही जे थांबलात, ते तेवढे ठेवा, इतकेच म्हणायचे होते. मी वाक्य मनात तीन वेळा जुळवले. पण त्या वाक्यात मीच फार दिसत होते. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, कोणीतरी ढोलकीवर थाप मारली, आणि निखिलला फेरात ओढून त्याच्या पायांत चाळ बांधायचा सामुदायिक उद्योग सुरू झाला. तो फार वाईट नाचला.

नवरात्राच्या सुमारास व्हिडिओ परत आला. साडेचार मिनिटांचा. आरंभी माझे नाव, मोठ्या अक्षरांत. मग त्याचे बोलणे, मधे आमच्या एकेक-दोनदोन ओळी, पुन्हा बोलणे. त्याने मेहनत घेतली होती. आजोबांविषयी तो चांगले बोलला होता. तुरेवाल्या शाहिरांनी तो पाहिला आणि बुवांना फोन करून, मोकळ्या मनाने, चोर हा शब्द मागे घेतला. पुढच्या पदापासून शेवटच्या कडव्यात माझे नाव येते. आता मला त्याची सवय झाली आहे. सगळे नीट झाले. ज्याचे त्याला मिळाले.

चौथे कडवे मात्र त्या व्हिडिओत नव्हते.

तीन वर्षे मी स्वतःला समजावले, की त्याच्याकडे मूळ चौदा मिनिटे कुठेतरी असतील, आणि कधीतरी सहज विचारू. दर श्रावणात मी पद लिहायला बसते, आणि ओळ कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून लिहायची हा प्रश्न पडला, की मला तोच एक चेहरा आठवतो. पण आठवणीतला चेहरा दर वर्षी थोडा थोडा पुसत चालला आहे. आता मला डोळे आठवतात, तोंड आठवत नाही. परवा बुवांचा संदेश आला आणि कोरा कागद तसाच राहिला, तेव्हा मी धीर करून निखिलला फोन लावला. मागे कोणीतरी ‘नेक्स्ट, टोकन बारा’ असे पुकारत होते.

“बोला मॅडम! नवीन पद?”

“निखिल, त्या पहिल्या व्हिडिओतलं चौथं कडवं… तिथे तुम्ही थांबला होतात. ते कुठे आहे का अजून?”

“ते ना? ते काढलं मॅडम, डोन्ट वरी, पूर्ण काढलं. तिथे मी काही बोललोच नव्हतो. नुसता बसून होतो. ते ठेवणं फेअर नसतं झालं. फोन पण बदलला आता, मूळ फाइल उडवूनच टाकली.” मग त्याने विचारले, “बरोबर केलं ना?”

“हो,” मी म्हणाले. “बरोबर केलंत.”